एका ठिपक्याच्या दहा हजार नोंदी

सरांच्या तोंडून रंगाचे नाव मी कधी ऐकले नाही. चहाच्या टपरीवर ते लाल, हिरवा, निळा किती ते आकड्यांत सांगत, "एकशे पन्नास, ब्याण्णव, अठ्ठेचाळीस." याचा अर्थ दूध कमी, एवढे टपरीवाल्याला अनुभवाने कळले होते. सर कप उजेडाकडे धरत आणि सांगत, "आज निळा जरा जास्त झालाय." चहात निळा कुठून आला, हे टपरीवाल्याने एकदाच विचारले. उत्तर पाऊण तास चालले. पुन्हा त्याने विचारले नाही.

ते आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकवत. तो अभ्यासक्रम बंद पडला आणि सर निवृत्त झाले. यांपैकी आधी काय घडले, यावर त्यांचा सरकारशी पत्रव्यवहार चालू होता. मूळ गाव धावडा. शेती धाकटा भाऊ बघत असे आणि भावाविषयी सरांची एकच तक्रार होती: "कपाशी हिरवीगार हाय म्हणतो. किती हिरवी, विचारलं की गप."

जुन्या जालन्यात कापडाच्या गल्लीत एक मॅचिंग सेंटर आहे. त्याच्या माडीवरची खोली सरांची. खाली दुकानात शेठजी बसत. घराणे राजस्थानातले, पण चार पिढ्या इथेच. बायका साडीचा पदर गल्ल्याजवळ पसरत आणि शेठजी मागे न वळता, नुसता हात मागे करून, ब्लाऊजपीसचा गठ्ठा काढत. बहुतेक वेळा तोच रंग निघे. सरांना हा प्रकार सहन होत नसे.

"हा योगायोग आहे, शेठजी."

"दिवसातून दीडशे वेळा होणारा योगायोग, सर?"

"डोळा साक्षीदार न्हाई. डोळा अफवा हाय."

"मंग माझी सगळी दुकानदारी अफवेवर चालून राह्यली. चांगली चालून राह्यली."

माझी त्यांची ओळख पत्रांमुळे झाली. मी तेव्हा एका दैनिकाचे जिल्हा पान बघत असे. योगशिबिराच्या बातमीत 'तांबडे फुटताच' असे छापून आले होते. सरांनी कळवले की त्या दिवशी सहा वाजून चार मिनिटांनी पूर्वेला जो रंग होता त्यात तांबडा निम्म्यापेक्षा थोडाच जास्त होता, सबब दुरुस्ती छापावी. सोबत तीन आकडे. दुसरे पत्र वधू-वर सदरावर होते. 'गोरी', 'निमगोरी' आणि 'गहूवर्णी' हे शब्द वाचकांची फसवणूक करतात आणि 'गहूवर्णी'त गव्हाचे वाण कोणते हे जाहिरातदाराने सांगितले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. यावर इलाज म्हणून मुलीच्या उजव्या गालावरचा एक ठिपका मोजून तीन आकडे छापायचे. मोजणीचे काम ते स्वतः विनामूल्य करायला तयार होते. जाहिरात विभागाने ते पत्र बरेच दिवस फळ्यावर लावून ठेवले होते.

एकदा त्यांनी चौकातला सिग्नल तोडला. पोलिसाने अडवले तेव्हा सर म्हणाले, हा दिवा लाल नाही. दोनशे चौदा, शहाण्णव, तीस. हा नारिंगी झालाय, काच उन्हाने गेलीय. पोलीस शांत स्वभावाचा होता. त्याने पावतीपुस्तक काढले आणि विचारले, "सर, हा आकडा दंडाच्या खान्यात लिहू का?" सरांनी दंड भरला आणि त्या दिव्याविषयी चार पानी अर्ज केला. पुढे काच बदलली. ती अर्जामुळे बदलली असे सर सांगत. एका टेम्पोचे टोक लागून ती फुटली होती, ही बातमी आम्हीच छापली होती.

आता यंत्राविषयी.

जुन्या पद्धतीच्या व्हिडिओत, म्हणजे पूर्वीच्या टीव्ही, कॅसेटी आणि साध्या कॅमेऱ्यांत, चित्र एकसंध नसते. ते वरून खाली ओळी-ओळींनी येते. सेकंदाला पंचवीस चित्रे, एका चित्रात सव्वासहाशे ओळी, आणि एक ओळ सेकंदाच्या पंधरा हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात संपते. सरांनी एका भंगारातल्या रंगीत टीव्हीचे आतले सर्किटचे पान काढून घेतले होते. ते येणाऱ्या चित्राचे लाल, हिरवा, निळा असे तीन भाग वेगळे करी. त्याला त्यांनी नखाएवढ्या चिपचा मायक्रोकंट्रोलर जोडला होता. ही चिप ओळी मोजे. ठरलेली ओळ आली की ठरलेला क्षणांश थांबे आणि त्या एका जागचे तिन्ही रंग आकड्यांत पकडून संगणकाला देई. म्हणजे धान्याच्या मोंढ्यात पोते ओतत असताना दर पोत्यातला नेमका एकच दाणा, तोही त्याच जागचा, उचलावा तसे. काम खरोखर कौशल्याचे होते. हे मी तेव्हाही मान्य केले होते, आजही करतो.

पहिल्या भेटीत त्यांनी मला फुटक्या टीव्हीसमोर बसवून धडा दिला. "टीव्ही तुम्हाला पूरं चित्र कधीच दाखवत न्हाई. चारी बाजूंनी थोडं थोडं चौकटीखाली दडलेलं राहतं. टीव्ही कडा खातो. लिहून घ्या." मी लिहून घेतले. "माझं यंत्र कडा खात न्हाई. ते पहिल्या कडेपासून मोजतं."

मग त्यांनी एक साधा कॅमेरा माझ्या शर्टावर रोखला आणि तीन आकडे वाचून दाखवले. खाली जाऊन शेठजींच्या कापडाच्या एका ठाणाचेही वाचले. आकडे आले. ते बरोबर आहेत की नाही, हे ठरवायला माझ्याकडे काही साधन नव्हते आणि मी ते शोधलेही नाही. दुसऱ्या दिवशी जिल्हा पानावर तीन कॉलमी बातमी गेली: 'टीव्हीतल्या ठिपक्याचाही रंग आता अचूक कळणार'. 'अचूक' हा शब्द सरांनी वापरला नव्हता. तो मी घातला. तपासल्याशिवाय हा शब्द लिहायचा नाही, हे मी नव्या वार्ताहरांना शिकवत असे.

आठवड्याभरात ती बातमी घडी करून घेऊन केदारखेड्याहून एक बाई एसटीने आल्या. वय पंचेचाळिशीचे. घराणे मेंढपाळांचे, पण मेंढरे जाऊन आता शेती. पिशवीत स्टीलचा डबा, डब्यात फडके आणि फडक्यात व्हीएचएस कॅसेट. त्या आधी आमच्या कार्यालयात आल्या, कारण बातमीत सरांचा पत्ता नव्हता. मी त्यांना माडीवर घेऊन गेलो. शेठजीही कुतूहलाने वर आले.

"सर, ही माझ्या लग्नाची कॅसेट हाय," त्या म्हणाल्या. "आई हिच्यात एकदाच येती. पाच सेकंद. बाकी सगळा वेळ ती चुलीपाशी व्हती, अन् कॅमेरावाला तिकडं फिरकलाच न्हाई. माझी पाठवणी व्हतानी येऊन उभी राह्यली, तेवढीच."

"बरं. मंग?"

"तिच्या साडीचा रंग पाह्यजे. आता माझ्या लेकीचं लग्न हाय. मी तसलीच साडी नेसून लेकीला वाटंला लावणार. आई गेली, साडी तिच्याबरोबरच गेली. अल्बम पेटीत भिजून चिकटून बसला. थोरली बहीण म्हणती साडी जांभळी व्हती, मी म्हणते डाळिंबी. पूर्वी व्हीसीआर भाड्यानं आणायचो. तिच्या टीव्हीत जांभळी दिसायची, माझ्या टीव्हीत डाळिंबी. आमचं भांडण काय मिटंना."

सरांचा चेहरा उजळला. एवढे चांगले गिऱ्हाईक त्यांना आयुष्यात मिळाले नव्हते.

"दोघीबी चूक," ते म्हणाले. "टीव्हीनं सांगितलेलं तुम्ही ऐकून राह्यल्या."

शेठजी म्हणाले, "ताई, आधी स्टुडिओत जाऊन पेन ड्राइव्हमध्ये उतरवून घ्या. मंग सरांना काय करायचं ते करू द्या. जुनी चीज आहे."

"बिलकुल न्हाई," सर म्हणाले. "कॉपीत रंग मरतो. मला मूळ पाह्यजे."

बाईंनी माझ्याकडे बघितले. बातमी मी लिहिली होती. मी म्हणालो, "सरांना यातलं कळतं."

सकाळी अकराला काम सुरू झाले. सरांनी कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली आणि चित्र पाठवणीपर्यंत आणले. नवरी, नवरीचे वडील, टॉवेल-टोपीवाली माणसे. मग गर्दीच्या कडेला, चित्राच्या डाव्या अंगाला, एक बारीक अंगाची बाई येऊन उभी राहिली. तिने कॅमेऱ्याकडे बघितले नाही. हात पदराला पुसले.

"हीच," बाई म्हणाल्या. "हीच आई."

सरांनी चित्र थांबवले. काचेवर फूटपट्टी ठेवून डावीकडून किती आणि वरून किती, ते वहीत मांडले. हिशेब करून ओळ काढली, ओळीतला क्षण काढला आणि चिपला सांगितला. मग पडद्याच्या वायरी काढून टाकल्या. काच काळी झाली.

"असू द्या की दिसत," बाई म्हणाल्या.

"यंत्र बघून राह्यलंय. आपण बघायची गरज न्हाई."

एका नोंदीवर ते निकाल देत नसत. एक साक्षीदार फितूर होऊ शकतो, दहा हजार नाही, असा त्यांचा सिद्धांत होता. दर दोन सेकंदांना एक नोंद, अशा दहा हजार. म्हणजे साडेपाच तास चित्र एकाच जागी थांबवून ठेवायचे. व्हीसीआरमध्ये अशी सोय असते की चित्र पाच मिनिटे थांबले तर यंत्र आपोआप बंद होते. कारण थांबलेल्या चित्रातही फीत वाचणारे आतले डोके, म्हणजे हेड, फिरतच असते आणि फितीची तीच जागा घासत असते. ही सोय सरांनी फार पूर्वीच वायर कापून बंद केली होती. "कंपनीनं घातलेली भीती," ते म्हणत.

बाई स्टुलावर बसून राहिल्या. दुपारी त्यांनी पिशवीतली भाकरी खाल्ली, सरांनाही अर्धी दिली. सरांनी ती खाण्याआधी खिडकीशी धरून बघितली. खोलीत दर दोन सेकंदांना टिक असा आवाज येत होता. मी मधे कार्यालयात जाऊन पान लावून आलो. पाचला थोडा वेळ असताना आवाज थांबला आणि सरांनी कागदावर तीन आकडे लिहिले: शहाण्णव, बावीस, चौऱ्याहत्तर.

"म्हंजे कोणता?"

"हाच."

"न्हाई, पण जांभळा का डाळिंबी?"

शेठजी वाकून कागद बघत म्हणाले, "अंदाजानं वांगी रंग असावा."

जांभळा आणि डाळिंबी यांच्या बरोबर मधला. बाई हसल्या. दोन्ही बहिणींची इज्जत राहिली होती.

"आता एकदा आईला दावा, सर. मंग मी निघते. साडेपाचची गाडी हाय."

सरांनी वायरी जोडल्या, कॅसेट थोडी मागे घेतली आणि चालू केली. नवरी आली. नवरीचे वडील आले. टॉवेल-टोपीवाली माणसे आली. मग पडद्यावर आडव्या पांढऱ्या रेघा आल्या आणि करकर आवाज करत मुंग्या पसरल्या. मुंग्या विरल्या तेव्हा जीप गावाबाहेर पडत होती.

"मागं घ्या," बाई म्हणाल्या.

सरांनी मागे घेतली. पुन्हा मुंग्या, पुन्हा जीप.

"अजून एकदा."

तिसऱ्या वेळी शेठजी खाली निघून गेले. सर व्हीसीआरच्या झाकणात बोट घालून काहीतरी पुसत होते. ते म्हणाले, "फितीचा मसाला उडाला असंल तेवढ्या जागी. जुनी फीत. पण आकडा तर मिळालाय ना? आकड्याला बुरशी लागत न्हाई."

बाईंनी कॅसेट फडक्यात गुंडाळली, डब्यात ठेवली आणि झाकण दोनदा दाबून बघितले. कागद त्यांनी कमरेच्या पिशवीत ठेवला. आईच्या पाच सेकंदांच्या बदल्यात त्यांना तीन आकडे मिळाले होते. साडेपाचची गाडी त्यांना मिळाली. या पाठपुराव्याची बातमी मी लिहिली नाही. जागा नव्हती, असे मी संपादकांना सांगितले. जागा होती.

पुढचे काम साडीचे. सरांनी कॅमेरा खाली दुकानात आणून ठाणामागून ठाण मोजले. कुठलेच आकड्यांशी जुळेना. शेठजी कागदाकडे बघत दोन दिवस अस्वस्थ होते.

"सर, हा रंग साडीत येत न्हाई. तीस वर्षं झाली, मी हा रंग बाईच्या अंगावर पाह्यला न्हाई. जाड्या कापडात पाह्यलाय कुठंतरी. कुठं ते आठवंना."

"कापडाची जाडी यंत्राला दिसत न्हाई," सर म्हणाले. "तोच तर त्याचा गुण."

शेवटी पांढरी साडी रंगाऱ्याकडे दिली. आकडे जुळेपर्यंत त्याने ती तीनदा बुडवली. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "सर, यापुढं साडी न्हाई, शाईच होईल." पण आकडे जुळले.

लग्नाची पत्रिका मलाही आली. शेठजींनाही होती, ते गेले नाहीत. सरांना होती, पण लग्नातल्या हॅलोजनच्या उजेडात रंगांचा अपमान होतो म्हणून ते लग्नांना जात नसत. मी केदारखेड्याला गेलो. दुपारचे लग्न, समोर नवा झगमगीत मंडप. मंडपवाला गावातलाच, म्हातारा; आसपासच्या गावांतली लग्नेही पूर्वीपासून तोच करी. नवे सामान पुढे लावून त्याने जुन्या कनाती, म्हणजे जाड कापडाचे आडोसे, मागे स्वयंपाकाच्या जागेभोवती लावल्या होत्या.

पाठवणीच्या आधी बाई आत काही आणायला गेल्या आणि बाहेर येऊन कनातीजवळ उभ्या राहिल्या. कुणीतरी बाई हसून ओरडली, "अगं बया, विहीणबाई कनातीत गडप झाल्या की!"

सगळे वळले. खरोखरच फक्त तोंड आणि हात दिसत होते. मंडपवाला म्हातारा पुढे आला, साडीकडे बघितले, मग कनातीची घडी उलटी केली. वरून उन्हाने उडालेला रंग घडीत शाबूत होता.

"ताई, ही तर आमची कनात नेसल्या तुम्ही," तो कौतुकाने म्हणाला. "औरंगाबादहून ठाण आणल्तं मी. सगळ्या जिल्ह्यात असला रंग दुसऱ्या कुणाकडं नव्हता. कुठून काढला?"

थोरली बहीण हसत होती. ती मधेच थांबली. "तुझ्या लग्नातबी हीच व्हती," ती म्हणाली. "आई हिच्याच म्होरं उभी व्हती. डाव्या अंगाला."

बाईंनी कनातीला हात लावला, मग पदराला लावला. "चला," त्या म्हणाल्या, "पोरगी खोळंबली." आणि त्याच साडीत त्यांनी लेकीला वाटेला लावले. पाठवणीत रडायचे असते, त्यामुळे त्या कशासाठी रडल्या हे मला नोंदवता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी माडीवर जाऊन सरांना सगळे सांगितले. त्यांनी वही काढली, फूटपट्टी काढली आणि हिशेब पुन्हा मांडला. मग म्हणाले, "मी काचेच्या कडेपासून मोजलं. यंत्र चित्राच्या कडेपासून मोजतं. मधलं चौकटीखाली राह्यलं. दोन बोटं डावीकडं गेलो."

"टीव्ही कडा खातो," मी म्हणालो.

हे वाक्य त्यांना आवडले नाही. "पत्रकार, एक लक्षात घ्या. जागा चुकली. आकडा न्हाई चुकला. म्हाताऱ्यानं घडीत ताडून बघितला ना? बराबर निघाला ना? मंग?" ते उठून उभे राहिले. "इतक्या वर्षांपूर्वीच्या कनातीचा रंग पांढऱ्या साडीवर उतरवला, तो तिच्या मालकानं ओळखला. याहून मोठी पावती कोणती?" संध्याकाळी त्यांनी कार्यालयात खुलासा आणून दिला: 'यंत्राने दिलेला आकडा साडीचा नसून कनातीचा आहे, मात्र तो अचूक आहे. वाचकांनी नोंद घ्यावी.' तो छापायला आमच्याकडे सदर नव्हते. माझी स्वतःची चूक कबूल करणारा मजकूर मी लिहिला, त्यालाही नव्हते. दोन्ही कागद माझ्या टेबलाच्या खणात आहेत.

पंधरा दिवसांनी केदारखेड्याहून फोन आला.

"भाऊ, सरांनी त्या दिवशी दहा हजार नोंदी घेतल्या ना? त्या हायत का अजून?"

"असतील. सर काही टाकून देत नाहीत."

"मंग एक विचारा. यंत्र कधी जरा इकडं-तिकडं हललं असंल. दहा हजारात एखादी नोंद आईवर पडली असंल. एकच पाह्यजे. एवढं विचारा त्यांला."

मी विचारले. सरांनी मागणी फार गांभीर्याने घेतली. दोन दिवस ते संगणकापुढे बसून दहा हजार नोंदी एकेक करून तपासत होते. चहा टपरीवाल्याने वर नेऊन दिला, तो कोणत्या रंगाचा आहे हे त्यांनी बघितले नाही. तिसऱ्या दिवशी ते स्वतः कार्यालयात आले.

"एकबी न्हाई," ते म्हणाले. "दहाच्या दहा हजार कनातीवर. यंत्र तसूभर हललं न्हाई."

त्यांच्या आवाजात अभिमान होता. मी केदारखेड्याला फोन लावून निरोप जसाच्या तसा दिला, फक्त अभिमान तेवढा कापला.